दाद मागावी की मागू नये?

आज एका दंडाची गोष्ट सांगायची आहे. दंड लहानसाच होता, पण त्याच्यामागचा इतिहास बराच लांबचा निघाला. तो मला कळला, तो माझ्याच हातून झालेल्या एका चुकीमुळे.

२०१७ च्या उन्हाळ्यात मी इंग्लंडला थोरल्या बहिणीकडे गेलो होतो. आपा आणि दुल्हाभाई मध्य इंग्लंडमधल्या एका शहरात राहतात. आमच्या कोकणातल्या मुसलमान वस्त्यांमधून पूर्वी कितीतरी माणसं बोटीवर खलाशी म्हणून जात. त्यातली काही विलायतेच्या बंदरांत उतरली ती तिथलीच झाली. दुल्हाभाईंचे वडील त्यांपैकी एक. त्यांच्यामागून १९७२ साली दुल्हाभाई गेले. आधी लोखंडाच्या ओतकामाच्या कारखान्यात आणि मग पंचवीस वर्षं शहराच्या बसवर ड्रायव्हर. एवढ्या वर्षांत लायसन्सवर एक डाग नाही. घर, पेन्शन सगळं आहे. पण आयुष्याची कमाई कोणती असं विचारलं, तर ते लायसन्स काढून दाखवतील.

आपाचे गुडघे गेलेले. चार पावलं चालली की तिला टेकायला लागतं. अशा माणसांसाठी तिथे 'ब्लू बॅज' असतो. तो गाडीच्या काचेपाशी ठेवला, सोबत गाडी कधी लावली ते दाखवणारं पुठ्ठ्याचं घड्याळ ठेवलं, की जिथे सामान चढवण्या-उतरवण्यालाही बंदी असते अशा जागा सोडून, दोन पिवळ्या रेघांवरसुद्धा तीन तासांपर्यंत गाडी लावता येते. एरवी दोन पिवळ्या रेघा म्हणजे गाडी लावून ठेवायला मनाई.

त्या दिवशी आम्ही औषधं आणायला गेलो होतो. दुल्हाभाई आपाला हात देऊन उतरवत होते. मला म्हणाले, "तेवढा बॅज ठेव रे काचेपाशी, आणि घड्याळ लाव." मी घड्याळ बरोबर लावलं. बॅजच्या एका बाजूला आपाचा फोटो होता. दुसऱ्या बाजूला चाकाच्या खुर्चीचं चित्र, नंबर आणि मुदत. मी फोटोची बाजू वर ठेवली. आपल्याकडे ओळखपत्र दाखवायचं म्हणजे फोटो दाखवायचा, हे हाडीमासी मुरलेलं. तिथे नेमकं उलटं. फोटो खाली, मुदत वर. बॅज खरा आहे आणि चालू आहे, एवढंच बाहेरून दिसलं पाहिजे. बाई कोण, हे रस्त्यावरच्या माणसाला दिसण्याचं कारण नाही.

वीस मिनिटांनी परत आलो, तर काचेवर पिवळ्या-काळ्या प्लॅस्टिकचं पाकीट चिकटवलेलं. सत्तर पौंड दंड. चौदा दिवसांत भरला तर निम्मा, म्हणजे पस्तीस. त्या वेळच्या भावाने तीन हजार रुपयांच्या आसपास. मी मनातल्या मनात तो हिशेब केला आणि गप्प झालो.

संध्याकाळी घरात दोन पक्ष पडले. भाची तिथेच जन्मलेली, शाळेत शिक्षिका. ती म्हणाली, "अब्बा, अपील करायचं. आईचा बॅज खरा आहे, तारीख चालू आहे, फक्त उलटा पडला होता. लिहून तर बघू." दुल्हाभाई म्हणाले, "पस्तीस भरून मोकळे होऊ. पन्नास वर्षं होत आली या देशात, कोर्टाची पायरी चढलो नाही." भाची म्हणाली, "हे कोर्ट नाही." ते म्हणाले, "कागद तर आहे ना? आपलं नाव असं असलं, की सरकारदरबारी आपल्या नावाचे कागद जितके कमी, तितकं बरं."

भाची काही बोलली नाही. मीही नाही. असं वाक्य मी आपल्या गावातही ऐकलेलं आहे आणि त्यावर माझ्याकडे कधीच पटकन उत्तर नसतं. पण अपराधी मी होतो आणि दंड दुल्हाभाईंच्या नावावर होता. तिथल्या कायद्यात चूक कुणाचीही असो, पार्किंगचा दंड भरायचा तो गाडीच्या मालकाने. चौदा दिवस हातात होते. मी शहराच्या वाचनालयात जाऊन बसलो. मला बघायचं होतं, की हा कागद आला कुठून आणि त्याला उलट उत्तर द्यायची सोय कुणी, का ठेवली.

गाडी उभी करण्याचे पैसे घेणारं पहिलं मीटर विलायतेत नव्हे, अमेरिकेत बसलं. ओक्लाहोमा सिटी या शहरात, १६ जुलै १९३५ रोजी. तासाला पाच सेंट. कल्पना कार्ल मॅगी यांची. हे गृहस्थ पेशाने पत्रकार. अमेरिकेतलं 'टीपॉट डोम' हे तेलाचं लाचखोरी प्रकरण उजेडात आणण्यात त्यांचा वाटा होता. त्यांच्या शहरात दुकानदारांची तक्रार अशी, की बाजारपेठेत नोकरीला येणारी माणसं सकाळी गाडी लावतात ती संध्याकाळीच काढतात. गिऱ्हाइकाला जागा उरत नाही. मीटर हा त्यावरचा उपाय. हेतू पैसा नव्हता. जागा फिरती राहावी हा होता. ही गोष्ट लक्षात ठेवण्यासारखी आहे, कारण पुढचं सगळं भांडण हेतू आणि पैसा यांच्यातलंच आहे.

असं सांगतात, की या मीटरपायी पहिल्यांदा पकडले गेले ते नॉर्थ नावाचे एक धर्मोपदेशक. त्यांनी न्यायाधीशाला सांगितलं, मी मीटरसाठी सुटे आणायला दुकानात गेलो होतो. न्यायाधीशाने प्रकरण काढून टाकलं. म्हणजे पार्किंगचा दंड आणि 'माझं जरा ऐकून घ्या' ही दोन्ही भावंडं बरोबरच जन्मली म्हणायची.

विलायतेत मीटर आलं १० जुलै १९५८ रोजी, लंडनच्या मेफेअर भागात. तासाला सहा पेन्स. सप्टेंबर १९६० मध्ये ट्रॅफिक वॉर्डन रस्त्यावर उतरले आणि पहिल्याच दिवशी त्यांनी ३४४ तिकिटं फाडली. त्यातलं पहिलं मिळालं डॉक्टर टॉमस क्रायटन यांना. गाडी लावून ते एका हॉटेलात हृदयविकाराचा झटका आलेल्या माणसाला बघायला धावले होते. दंड दोन पौंड. लोकांनी एवढा गिल्ला केला, की डॉक्टरांना तो माफ करावा लागला.

वाचनालयात हे वाचताना मला हसू आलं, आणि मग एक विचारही आला. पहिल्या मीटरपाशी सुटे आणायला गेलेला उपदेशक, पहिल्या तिकिटापाशी रुग्णाकडे धावलेला डॉक्टर. नियम करणाऱ्यापुढे गाडी असते. तिकीट फाडलं जातं तेव्हा त्या गाडीतून माणूस उतरलेला असतो आणि तो कुठे गेला, हे काचेतून दिसत नाही. म्हणून मागाहून ऐकून घेणारं कुणीतरी लागतं.

आता आपाच्या बॅजविषयी. तोही आकाशातून पडलेला नाही. १९६९ साली ब्रिटनच्या पार्लमेंटात आल्फ मॉरिस नावाच्या मजूर पक्षाच्या खासदाराने दीर्घकाळ आजारी आणि अपंग माणसांसाठी एक विधेयक आणलं. सरकारी नव्हे, खासगी विधेयक. मॉरिस मँचेस्टरच्या गरीब वस्तीतले. त्यांचे वडील पहिल्या महायुद्धात जबर जखमी होऊन आलेले. अपंगाचं घर कसं चालतं हे त्यांनी लहानपणीच बघितलं होतं. निवडणुका तोंडावर आलेल्या असताना ते विधेयक मंजूर झालं आणि त्याच्या २१ व्या कलमातून हा बॅज निघाला. १९७१ च्या डिसेंबरपासून तो नारिंगी रंगाचा होता. २००० सालापासून निळा झाला. म्हणजे माझ्या हातात जे उलटंसुलटं फिरलं, ते नुसतं कार्ड नव्हतं. कुणीतरी त्यासाठी भांडलेलं होतं. ते मी बेफिकिरीने काचेपाशी टाकलं, याची लाज मला पस्तीस पौंडांपेक्षा जास्त वाटली.

पण दुल्हाभाईंची भीती वेगळी होती. त्यांना वाटत होतं, दंडाविरुद्ध बोलायचं म्हणजे कोर्ट, कोर्ट म्हणजे गुन्हा. ही भीती खुळी नव्हती. ते तिथे गेले तेव्हा तसंच होतं. तेव्हा चुकीचं पार्किंग हा फौजदारी गुन्हा होता आणि दंड भरला नाही की मॅजिस्ट्रेटपुढे उभं राहावं लागे. हे बदललं १९९१ च्या रोड ट्रॅफिक कायद्याने. पोलिसांना पार्किंगकडे बघायला वेळ नाही, रस्ते तुंबले आहेत, तेव्हा हे काम कौन्सिलकडे, म्हणजे तिथल्या नगरपालिकेकडे द्यावं, असं ठरलं. १९९३ ते १९९४ या काळात लंडनच्या सगळ्या बरोंनी, म्हणजे शहराच्या वेगवेगळ्या नगरपालिकांनी, ते अंगावर घेतलं आणि पुढे बाहेरची शहरं आली. पार्किंगचा गुन्हा फौजदारी कायद्यातून निघाला आणि दिवाणी देणं झाला. त्याने नाव काळ्या यादीत जात नाही, लायसन्सवर डाग पडत नाही.

यात एक मोठी अडचण होती. पोलीस दंड करीत तेव्हा पैसे सरकारजमा होत. आता तिकीट फाडणार कौन्सिलचा माणूस आणि पैसेही जाणार कौन्सिलच्याच तिजोरीत. ज्याच्या घागरीत पाणी पडतं त्यालाच पाटाचा निवाडा करायला बसवलं, तर निवाडा कसा होणार हे शेतकऱ्याला सांगायला नको. म्हणून त्याच कायद्याने कौन्सिलच्या बाहेरचा, कायदा जाणणारा एक निवाडेकार नेमायची सोय केली. लंडनबाहेरच्या इंग्लंडसाठी आणि वेल्ससाठी या व्यवस्थेला २००८ पासून 'ट्रॅफिक पेनल्टी ट्रिब्युनल' म्हणतात. तिथे जायला फी नाही, वकील लागत नाही. तुम्ही हरलात तरी कौन्सिलचा खर्च तुमच्या डोक्यावर बसत नाही. अगदीच खोडसाळपणे किंवा ताळतंत्र सोडून वागलात, तरच बसू शकतो.

पायऱ्या अशा. पहिल्या चौदा दिवसांत कौन्सिलला साधं पत्र लिहायचं. त्यांनी नाही म्हटलं, तरी अशा वेळी निम्म्या दंडाची सवलत पुन्हा द्यावी, असं सरकारचं त्यांना सांगणं आहे. तरीही भांडायचं असेल तर मालकाच्या नावाने नोटीस येईपर्यंत थांबायचं आणि तिला अठ्ठावीस दिवसांत रीतसर उत्तर द्यायचं. त्यावर कौन्सिलने छप्पन दिवसांत काही कळवलं नाही, तर तुमचं म्हणणं मान्य झालं असं धरतात. त्यांनी नकार दिला तर मग ट्रिब्युनल. पण इथे एक मेख आहे. पहिलं पत्र फुकट असतं. त्यापुढे गेलात की निम्म्याची सवलत संपली. हरलात तर पुरे सत्तर. आणि काहीच न करता बसून राहिलात, तर दंड दीडपट.

त्या निम्म्या सवलतीवर मी बराच विचार केला. बाहेरून ती मेहेरबानी दिसते. लवकर भरा, कमी भरा. पण तिचा दुसरा अर्थ असा, की तुम्ही बरोबर असलात तरी गप्प बसायचे तुम्हाला पस्तीस पौंड मिळतात. ज्याच्याकडे वेळ आहे, इंग्रजी आहे, छाती आहे, तो पुढे जाईल. ज्याला दोन नोकऱ्या आहेत, भाषा अडते आणि दुल्हाभाईंसारखं ज्याला आपल्या नावाचा कागद नको वाटतो, तो भरून मोकळा होईल, मग चूक असो वा नसो. कायदा सगळ्यांना सारखा आहे. पण त्याची पायरी चढायला लागणारं बळ सारखं वाटलेलं नाही.

म्हणून कुणीतरी एकाने चढून जाण्याला महत्त्व असतं. लंडनच्या बार्नेट भागातल्या कौन्सिलने रहिवाशांच्या वर्षाच्या पार्किंग परवान्याचे चाळीस पौंडांचे शंभर पौंड केले आणि पाहुण्यांच्या एक पौंडाच्या पासाचे चार. त्यातून उरणारा पैसा रस्त्यांच्या इतर खर्चाला लावायचा होता. एका रहिवाशाने दावा केला. १९८४ च्या कायद्यात पार्किंगच्या शिल्लक पैशाचं काय करायचं हे लिहिलेलं आहे. पण पैसा मिळवण्यासाठी पार्किंगचा दर वाढवा, असं तो कायदा म्हणत नाही. २०१३ च्या जुलैत हायकोर्टाने ती दरवाढ बेकायदा ठरवली. ओक्लाहोमाच्या मीटरपासून चालत आलेला प्रश्न, म्हणजे हे जागेसाठी की पैशासाठी, तो अखेर एका न्यायाधीशाने कौन्सिलला तोंडावर विचारला.

आता थोडं आणखी मागे जाऊ. बी.ए.ला असताना 'मॅग्ना कार्टा' ही मी पाच गुणांची टीप म्हणून पाठ केली होती आणि परीक्षेनंतर विसरूनही गेलो होतो. १२१५ साली इंग्लंडच्या राजा जॉनकडून सरदारांनी लिहून घेतलेली सनद. तिचं विसावं कलम दंडाविषयी आहे, हे मला त्या वाचनालयात नव्याने कळलं. त्याचा आशय असा : दंड अपराधाच्या मानाने असावा, किरकोळ चुकीला किरकोळ. दंड करताना माणसाचं पोटापाण्याचं साधन हिरावून घेऊ नये, व्यापाऱ्याचा माल आणि कुळाची शेतीची साधनं शाबूत ठेवावीत. आणि दंड किती, हे आसपासच्या भल्या माणसांनी शपथेवर सांगावं. आठशे वर्षांपूर्वीचं हे कलम वाचून मला आपल्याकडची जुनी गोतसभा आठवली. तिथेही गावची, नात्यातली, शेजारची माणसं बसून निवाडा करीत आणि महजर लिहीत. दोन्ही ठिकाणी दंड होताच. पण तो ठरवताना राजाच्या माणसाशिवाय आणखी कुणीतरी हजर असावं, ही अपेक्षाही होती.

१६८९ च्या 'बिल ऑफ राइट्स'मध्ये आणखी एक वाक्य आहे. अपराध शाबित होण्याआधी दंडाची किंवा जप्तीची रक्कम कुणाला देऊन टाकणं बेकायदा, असा त्याचा आशय. या शतकाच्या सुरुवातीला विलायतेतल्या काही जिद्दी माणसांनी याच वाक्याच्या आधारे पार्किंगचा प्रत्येक दंडच रद्दबातल आहे असा युक्तिवाद केला. तो टिकला नाही. माझ्या भाचीला तो फार आवडला होता. दुल्हाभाईंनी मात्र शांतपणे विचारलं, "बॅज उलटा ठेवला, त्यात राजाराणीचा काय संबंध?"

अखेर पत्र लिहायचं ठरलं. दुल्हाभाई कबूल झाले ते एका अटीवर. "खोटं एक अक्षर नको. अंधार होता, वाऱ्याने पडला असेल, असलं काही नको." ते स्वतः बसले. त्यांचं इंग्रजी गावच्या हायस्कुलातलं. पत्राची सुरुवात 'आपल्या चरणी नम्र विनंती' या छापाची झाली आणि दीड पान तशीच चालली. भाचीने ते तीन वाक्यांवर आणलं. बॅज खरा आहे. पाहुण्याने तो अजाणता उलटा ठेवला. ही पहिलीच वेळ आहे, कृपया विचार व्हावा. सोबत बॅजच्या दोन्ही बाजूंची प्रत. पहिल्या चुकीला काही कौन्सिलं माफी देतात, असं तिने वाचलं होतं.

इथे मला माझ्या धंद्यातला एक शब्द आठवला. 'दाद' हा शब्द आपल्याकडे फारसीतून आला. तिथे त्याचा अर्थ न्याय. मराठीत आपण दाद मागतोही आणि देतोही. मुशायऱ्यात शेर आवडला की दाद देतात. अन्याय झाला की दाद मागतात. मी तीस वर्षं पहिल्या अर्थाची दाद ऐकत आलो. दुसऱ्या अर्थाची दाद मागायला माणसाला किती बळ लागतं, हे मी त्या टेबलापाशी बघितलं. सही करण्यापूर्वी दुल्हाभाईंनी पेन दोनदा खाली ठेवलं.

तीन आठवड्यांनी उत्तर आलं. नकार. पण मी अपेक्षिलं होतं तसं छापील दोन ओळींचं नव्हतं. आपाचा बॅज चालू असल्याचं त्यांनी मान्य केलं होतं. तो वैध आहे हे बाहेरून दिसणं का जरूर आहे, आणि मुदत न दिसल्यास तपासनिसापुढे दुसरा मार्ग नसतो, हे नीट सांगितलं होतं. निम्म्या दंडाची मुदत आणखी चौदा दिवसांनी वाढवली होती.

भाची म्हणाली, पुढे जाऊ, ट्रिब्युनलमध्ये. दुल्हाभाईंनी पत्र पुन्हा वाचलं आणि मला विचारलं, "तू वाचलंस ना सगळं? समजा, त्या बाहेरच्या माणसापुढे गेलो. तो काय विचारील?"

मी म्हटलं, "बॅज नीट ठेवला होता का, एवढंच. कारण फारच मोठं असलं, तर दंड सोडा अशी शिफारस तो कौन्सिलला करू शकतो. पण ती त्यांच्यावर बंधनकारक नाही."

"मग आपण काय सांगणार?"

मी गप्प राहिलो. ते म्हणाले, "आपण विचारलं. त्यांनी ऐकलं, उत्तर दिलं. चूक आपली होती. आता भरायचे." मी पैसे पुढे केले, ते त्यांनी घेतले नाहीत. आपा स्वयंपाकघरातून म्हणाली, "पस्तीस पौंडात दोघं म्हातारे शिकले. फी काही जास्त नाही."

दंड भरला गेला, पण पहिल्या दिवशी भरला असता तसा तो नव्हता. पहिल्या दिवशी ते भीतीपोटी भरणार होते. आता चूक मान्य करून भरत होते. पैसे तेवढेच, पण मला वाटतं, अपिलाचा हक्क याचसाठी असतो. तो जिंकण्यासाठी असतोच. पण हरल्यावर मान ताठ ठेवून पैसे मोजता यावेत, यासाठीही असतो.

हे ऐकून कुणी म्हणेल, विलायतेचं कौतुक आम्हाला कशाला? आपल्याकडे पार्किंगचा दंड बहुतेक वेळा वाहतूक पोलीस करतात. सम-विषम तारखेची पाटी आपण चुकवतो, गाडी उचलून नेली जाते, आपण धावत जातो, पैसे देतो आणि गाडी सोडवतो. आता मोबाइलवर चलन येतं. आपल्यातल्या किती जणांना ठाऊक असतं, की ते पैसे म्हणजे मोटार वाहन कायद्याच्या २०० व्या कलमाखालचं तडजोड शुल्क आहे? तडजोड करायची नसेल, चूक केलीच नसेल, तर पैसे न भरता न्यायालयात म्हणणं मांडता येतं. पण कोर्टाचा हेलपाटा, कामाचा खाडा यांच्या हिशेबात ते परवडत नाही आणि आपण 'जाऊ दे' म्हणतो. २०१९ च्या जुलैत मुंबई महापालिकेने आपल्या सार्वजनिक वाहनतळांच्या आसपास हजारो रुपयांचा दंड लावायला सुरुवात केली, तेव्हा चर्चा झाली ती रकमेची. पैसे घेणारा पालिकेचा असेल तर ऐकून घेणारा कोण असावा, हा प्रश्न मात्र मागेच राहिला. मला तो रकमेपेक्षा मोठा वाटतो.

२०१९ मध्येच एकदा दुल्हाभाईंचा फोन आला. आवाजात उत्साह. कौन्सिलच्या वाहनतळावर पैसे भरलेली वेळ संपून सहा मिनिटं झाली होती आणि तिकीट फाडलं होतं. इंग्लंडमध्ये एप्रिल २०१५ पासून अशा ठिकाणी दहा मिनिटांची सूट आहे. या खेपेला त्यांनी भाचीलाही विचारलं नव्हतं. स्वतः पत्र लिहिलं, वेळेचा कागद जोडला. दंड रद्द झाला.

आता शुक्रवारच्या नमाजनंतर मशिदीच्या दारात मोहल्ल्यातली माणसं त्यांच्याकडे कागद घेऊन येतात, असं आपा सांगते. ते चष्मा लावतात, कागद उलटसुलट करून तारीख बघतात, किती दिवस उरले ते मोजतात. मग समोरच्याला पहिला प्रश्न विचारतात, "खरं सांग, चूक तुझी होती का?" उत्तर 'हो' आलं, तर म्हणतात, "लिहून विचार, आणि नाही म्हणाले तर भरून टाक." उत्तर 'नाही' आलं, तर आत जाऊन पेन घेऊन येतात.

(आकाशवाणीवरून प्रसारित झालेल्या भाषणाचे संपादित रूप)